बिडाचं कडं

त्र्याण्णव सालच्या खंडेनवमीला फाउंड्रीतल्या सगळ्यांनी त्या बिडाच्या कड्याला हळदकुंकू वाहिलं. रॉकेटचं इंजिन तपासायच्या सांगाड्यात ते बसणार होतं. प्रसेनजीत तेवढा लांब उभा राहिला, पण साचा त्याचा, ओतणंही त्याचंच. गटारं उपसून मेलेल्या बापाच्या फोटोला त्यानं सांगितलं होतं, "आबा, माझं काम आभाळाकडं चाललं." आठवड्यानं मालक आले. "अमेरिकेनं दम दिला. रशिया आता आपल्याला इंजिन करायला शिकवत न्हाय, ऑर्डर रद्द. हे कडं कुणाच्या गळ्यात घालू? फोडा, भट्टीत टाका." कुणी घण उचलेना. "पूजलेलं हाय, मालक," भट्टीवरचा गणपती म्हणाला. मालकांनी प्रसेनजीतकडं बघितलं. "तुमच्यात पूजा मानत न्हाईत न्हवं? मग तूच फोड की." सगळे सुटल्यागत हसले. प्रसेनजीतनं घण घातला. कडं तडकलं, कुंकू त्याच्या हातांवर उडालं. "ह्याचं आता काय वतायचं?" त्यानं विचारलं. "गटाराची झाकणं."