सभागृहात दिलेली तारीख

"तारीख सांगा, मंत्रिमहोदय!" विरोधी बाकावरून मंगलाताई उबाळे तिसऱ्यांदा म्हणाल्या. निवृत्त शिक्षकांचं निवृत्तिवेतन पाच महिने रखडलं होतं.

राज्यमंत्री दिगंबर नाईकवडे उत्तराला उभे होते. मंत्री होऊन त्यांना जेमतेम तीन आठवडे झाले होते. हातातल्या कागदावर 'कार्यवाही सुरू आहे' एवढंच छापलेलं होतं. तारीख देऊ नका, असं सचिव अधिकाऱ्यांच्या कक्षातून मान हलवून खुणावत होते. सकाळी मुख्यमंत्र्यांनीही तेच बजावलं होतं.

 नाईकवड्यांना शाळेत शिकवलेले गुरुजी काल भेटायला आले होते. परवडत नाही म्हणून इन्सुलिन आता एकच वेळ घेतो, असं त्यांनी सांगितलं होतं, तेही हसत हसत.

"येत्या शुक्रवारी," ते एकदम बोलून गेले. "पाचही महिन्यांचं, सगळ्यांच्या खात्यात जमा होईल."

बाकं वाजली. ते मटकन खाली बसले.

लॉबीत सचिवांनी त्यांना गाठलं. "साहेब, हे काय केलंत? सभागृहातलं आश्वासन नोंदलं जातं. आता मागे घेता येणार नाही. तुमचं मंत्रिपद जाईल!"

"जाईल," नाईकवडे म्हणाले.  "पण बाहेर कुठे नुसता शब्द दिला असता ना, तर संध्याकाळपर्यंत मीच कच खाल्ली असती."

 सचिवांनी वित्त विभागाला फोन लावला.