न्यायाधीशांची दाढी

न्हाव्याचा निकाल तीन वाक्यांत लागला. मेलेल्यांच्या न्यायाधीशांनी मान वर न करता विचारलं, गिऱ्हाइकांशी खोटं बोलायचास, हो की नाही. न्हावी म्हणाला, हो, पण त्याचं असं आहे साहेब. तिथे ‘पण’ चालत नव्हतं. खोटं बोलणारे डावीकडच्या दाराने जातात, एवढं सांगून साहेबांनी त्याची फाईल टेबलाच्या खणात टाकली आणि खण धाडकन बंद केला.

सहा वर्षांपूर्वी न्हाव्याची बायको उजवीकडच्या दाराने गेली होती, हे त्याने आल्या आल्या कारकुनाकडून गोड बोलून काढून घेतलं होतं. आणि खोटं तरी असं काय बोलला होता तो? टक्कल पडायला लागलेल्यांना म्हणायचा, छे हो, हे तर नवे केस येतायत. दवाखान्यातून परतलेल्यांना म्हणायचा, गाल भरलेत तुमचे. चाळीस वर्षांत त्याच्या दुकानातून कोणी तोंड पाडून बाहेर गेलं नव्हतं. पण हे ऐकणार कोण? या साहेबांनी आजवर कोणाचं दुसरं वाक्य ऐकून घेतलं नव्हतं. भल्याभल्यांना उजवीकडे पाठवतानाही त्यांच्या चेहऱ्यावरची रेष हलत नसे.

‘पुढचा,’ साहेब म्हणाले आणि सरळ बसायला गेले, तर त्यांना सरळ बसता येईना. त्यांची कमरेपर्यंतची दाढी खणात अडकली होती. कारकुनाने खण ओढून पाहिला. टेबलाला पाय लावून ओढून पाहिला. जुना, फुगलेला खण ढिम्म हलला नाही. साहेबांचं नाक टेबलाला टेकलं होतं, तरी ते त्याच आवाजात म्हणाले, ‘पुढचा.’

कारकून न्हाव्याच्या हाताकडे बघायला लागला. मरताना हातात असेल ते घेऊनच माणूस तिथे येतो, आणि न्हावी दुकानात एकाची दाढी करता करताच कोसळला होता. हातात वस्तरा, अंगात एप्रन, एप्रनच्या खिशात साबण, ब्रश, तुरटी आणि छोटा आरसा.

वस्तऱ्याच्या एका झटक्यात साहेब सुटले. दाढी खणात राहिली आणि हनुवटीवर उरला तिरका झुबका. असल्या चेहऱ्याने खुर्चीत बसलात तर मेलेले हसतील, असं कारकुनाने अदबीने सुचवलं. हसणं म्हणजे काय ते साहेबांना नियमावलीतून ठाऊक होतं. त्यांनी उरलेली दाढी उतरवायला परवानगी दिली, मात्र काम थांबता कामा नये म्हणाले. मग न्हाव्याने त्यांच्या तोंडाला नाकापर्यंत फेस फासला.

पुढची होती शाळेत झाडलोट करणारी म्हातारी. वीस वर्षं शाळेतले खडू चोरले, असं कारकुनाने वाचलं. म्हातारी ‘हो’ म्हणाली आणि थांबली. आता साहेब ‘डावीकडे’ म्हणायचे, पण नेमका वस्तरा वरच्या ओठावर होता. साहेब गप्प. कोणीतरी आपलं ऐकतंय असं वाटून म्हातारी पुढे बोलायला लागली. तिच्या घराशेजारच्या खोलीत तीन मुली राहायच्या. बाप वह्या आणत नसे, म्हणून त्या या खडूंनी मागच्या भिंतीवर गणितं सोडवायच्या. थोरली आता त्याच शाळेत मास्तरीण झाली होती.

‘गेल्या महिन्यात तिनंच मला पकडलं खडू नेताना,’ म्हातारी म्हणाली. ‘मुली कधीच्या मोठ्या झाल्या, पण हाताची सवय जाईना. असली ओरडली मला सगळ्या वर्गासमोर. इतकं बरं वाटलं, साहेब.’

‘हनुवटी हलवू नका,’ न्हावी म्हणाला.

साहेब हलवत नव्हते. ती आपोआप हलत होती. वस्तरा दूर झाला तेव्हा त्यांनी बोलण्याऐवजी हात उचलला आणि उजवं दार दाखवलं. आपली दिशा चुकली, असं कारकून हळूच म्हणाला. हात तसाच राहिला.

दाढी झाली. न्हाव्याने तोंड पुसायला फडकं घेतलं, तर साहेब म्हणाले, ‘परत साबण लाव.’

दुसऱ्या फेसात त्यांनी एका खानावळवाल्याचं सगळं ऐकलं. तिसऱ्यात एका भांडकुदळ बाईचं आणि तिच्या मागोमाग आलेल्या तिच्या नवऱ्याचंही. चौथ्यांदा साबण मागितला तेव्हा न्हाव्याला सांगावं लागलं, की आता लावला तर कातडी राहणार नाही. त्याने तुरटी फिरवली आणि सवयीने आरसा समोर धरला.

साहेबांनी आपली हनुवटी पहिल्यांदाच पाहिली. ती जवळजवळ नव्हतीच. गाल आत गेलेले, कातडी जुन्या कागदासारखी, गळ्याला तीन पदर. ते बराच वेळ बघत राहिले, आणि त्यांचा चेहरा पडला.

‘कसा दिसतोय?’ त्यांनी विचारलं.

कारकुनाने लेखणी उचलली. न्हाव्याला कळत होतं, आत्ता खरं बोललो तर खणातली फाईल परत निघेल कदाचित. उजवीकडच्या दारापलीकडे बायको होती. त्याने खरं बोलायला तोंड उघडलं, समोरचा पडलेला चेहरा पाहिला, आणि जिभेने चाळीस वर्षांचा रस्ता धरला.

‘दहा वर्षांनी तरुण दिसताय, साहेब.’

संपलं, असं त्याला वाटलं. न्यायालयासमोर खोटं, असं पुटपुटत कारकून लिहायला लागला. साहेबांनी त्याच्या हातातून लेखणी काढून घेतली. आरशात एक गाल पाहिला, मग दुसरा.

‘दहा?’ ते म्हणाले.

‘कमीत कमी.’

साहेब उठले. उजवीकडचं दार त्यांनी स्वतः उघडून धरलं, आणि न्हाव्याला आत सोडून ते परत वळले. दार लागता लागता न्हाव्याने मागे पाहिलं. पुढचा माणूस आत येत होता, वर्षभराच्या दुखण्याने नुसता सांगाडा झालेला, भिंतीला धरून चालणारा. साहेब त्याच्याकडे मान वर करून बघत होते.

‘या, बसा,’ ते म्हणत होते. ‘अहो, तुम्ही तर मेल्यासारखे वाटतच नाही.’