तिच्या ताटातला घास

"हाऽऽड्! हाऽऽड् हाड्!"

राजमतीकाकूंची हाळी केनियाच्या त्या माळावर अशी घुमली, की जीपमधले सगळे जागच्या जागी उडाले. जन्मभर समडोळीच्या रानात ज्वारीवरची पाखरं उठवलेला गळा तो! वर दोन टाळ्याही वाजल्या. गवतात दबा धरून बसलेल्या चित्त्याच्या मादीनं दचकून मान वळवली. तिच्यासमोर चरणारं हरणाचं पाडस आईमागं सुसाट सुटलं. मादी चार ढांगा पळाली आणि थांबली.

"वाचलं गं बाई!" काकूंनी छातीवर हात ठेवला. कोण आनंद झाला होता त्यांना!

आनंद फक्त त्यांनाच झाला होता. उंब्रजचे भाऊसो कॅमेऱ्याला हातभर लांब लेन्स लावून पाऊण तास श्वास रोखून बसले होते. "काकू, काय केलासा हे! एवढा समुद्र वलांडून आलो ते ह्याच्यासाठी?"

"तुज्या फोटूपायी त्या लेकराचा जीव जाऊ द्यायचा व्हय रं?" काकूंनी ठणकावलं. आपलं काही चुकलंय असं त्यांना तिळभरही वाटत नव्हतं. मुंगी वाचवायला वाट सोडून चालणाऱ्या जैन घरातली बाई. डोळ्यांदेखत पाडस मरू देईल होय?

जंगलात आवाज करायचा नाही, हे मलकापूरच्या दीपालीनं, म्हणजे त्यांच्या गाइडनं, चारदा बजावलं होतं. ती बिचारी ड्रायव्हर डॅनियलकडं बघत राहिली. पण डॅनियल रागावला नाही. त्यानं आपली दुर्बीण काकूंच्या हातात दिली आणि पलीकडच्या बाभळीकडं बोट केलं.

बाभळीखाली तीन पिल्लं बसली होती. नुसत्या बरगड्या. आई जवळ आली तशी तिन्ही धावली, तिचं तोंड हुंगू लागली. तोंडाला काहीच लागलेलं नव्हतं. थोडा वेळ चाटून बघितलं आणि गप पडून राहिली.

"दोन दिवस तिला शिकार मिळालेली नाही," डॅनियल म्हणाला ते दीपालीनं मराठीत सांगितलं. "आता दिवस बुडेल. अंधारात चित्ते सहसा शिकार करत नाहीत. उद्या सकाळपर्यंत काही मिळायचं नाही."

काकू डोळ्यांवरची दुर्बीण काढेनात. काढली तेव्हा त्यांचा चेहरा पार उतरला होता. परतीच्या वाटेवर जिराफ आले, हत्ती आले. त्यांनी मान वर केली नाही.

कॅम्पवर दिवस मावळायच्या आत काकूंची कांदा-लसणाशिवायची खिचडी तयार असायची. आज त्यांनी ताट दूर सरकवलं. "चित्तीण जेवस्तवर मला अन्न न्हाई, पानी न्हाई."

त्यांचे यजमान जवाहरआण्णा हादरलेच. "आगं, बीपीची गोळी हाय तुला! परवा परतीचं इमान हाय. आन ती जेवनार म्हंजे कुनाचा तरी जीव जानार. त्याची वाट बगत बसनार व्हय तू?"

"ते काय मला कळत न्हाई?" काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं, आवाज मात्र ढळला नाही. "पर वाढल्याल्या ताटावरनं तिला मी उठवलं. लेकरांदेखत! त्या लेकरांनी तिचं त्वांड हुंगलं वो... आता मी कुठल्या तोंडानं जेवू?"

ह्या बाईनं नियम घेतला की घेतला, हे आण्णांना लग्नापासून ठाऊक होतं. त्यांनी ताटावर झाकण ठेवलं, आणि मग स्वतःच्याही.

सकाळी उन्हं वर आली तेव्हा डॅनियलला चित्तीण सापडली. तशीच गवतात दबून बसलेली. समोर हरणं. जीपमधल्या सगळ्यांनी आधी तिच्याकडं बघितलं आणि मग काकूंकडं.

काकूंनी पदराचा बोळा करून तोंडात कोंबला. टाळी वाजू नये म्हणून दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. डोळे गच्च मिटले. मरणाऱ्या जिवाच्या कानात म्हणायचा णमोकार मंत्र त्यांनी मनातल्या मनात सुरू केला. त्याच्या कानापर्यंत जाता येत नव्हतं, तर इथूनच.

गवत सळसळलं. पावलं धडधडत गेली. कुठंतरी बारीकसा आवाज झाला आणि बंद पडला. भाऊसोंचा कॅमेरा खटखटत राहिला.

"झालं, काकू," दीपाली हळूच म्हणाली.

काकूंनी णमोकार पुरा केला, मगच तोंडातला पदर काढला. बाहेर मात्र बघितलं नाही. "पिल्लं जेवाल्यात?"

"तिन्ही जेवतायत."

"भाऊसो, फोटू काढलास न्हवं? हरणाचा नगो. पिल्लांचा दाव."

भाऊसोंनी कॅमेरा पुढं धरला. एवढ्याशा पडद्यावर तीन तोंडं, पार डोळ्यांपर्यंत लाल. काकूंनी कॅमेरा जवळ ओढला. मग पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि नातवंडाचं पुसावं तसं एकेक तोंड पुसलं.

"आवं," त्या आण्णांना म्हणाल्या, "द्या आता पानी. तुमी बी घ्या."