जिन्याचा कोरा चौकोन

"इथेच कोरं का ठेवलंय?" आईने नकाशाच्या कागदावर बोट टेकवलं.

डिझायनरने मुलाकडे पाहिलं. पन्नाशीला आलेला तो मुलगा खिडकीबाहेर पाहत होता.

सकाळी नऊलाच त्याचा फोन आला होता. आईला घेऊन अकराला येतो म्हणाला आणि बोलता बोलता एक काम सांगितलं. नव्या घराच्या नकाशात जिना असू द्या, पण पायऱ्या, आकडे, बाण असलं काही नको. नुसता चौकोन ठेवा. आईची खोली वरच्या मजल्यावर आहे, गुडघे तर कामातून गेलेत; पायऱ्या मोजत बसली तर तिथेच अडून बसेल. पुढेमागे लिफ्ट बसवणारच आहे, असंही तो म्हणाला. लिफ्टसाठी नकाशात कुठेही जागा सोडलेली नव्हती, हे डिझायनरला ठाऊक होतं. नकाशा तिनेच काढला होता. तरी तिने काही विचारलं नाही. सॉफ्टवेअरमध्ये जिन्याच्या तपशिलासमोरची खूण काढली की रेघा आपोआप नाहीशा होत. तिने ती काढली, कागद छापला आणि चहा घ्यायला उठली.

"तो जिना आहे, आई," मुलगा म्हणाला. "त्यात काय दाखवायचं?"

आईने चष्मा सारखा केला. चाळीस वर्षं ती बायकांचे कपडे शिवत आली होती. कागदावरच्या रेघा तिला नव्या नव्हत्या. खाटेवर उशासुद्धा काढल्यात, ती म्हणाली. बेसिनला नळ काढलाय. दार कुठल्या अंगाला उघडतं तेही काढलंय. आणि एवढा थोरला जिना, त्याच्या नशिबी एक रेघ नाही? मग मुलाला सोडून तिने डिझायनरला विचारलं, "खरंच काही नसतं का हो, ताई?"

"नसतं, काकू."

रोज माणसांशी बोलायच्या त्याच गोड आवाजात डिझायनर हे बोलून गेली. बोलल्यावर मात्र तिचे कान तापले. तिने टेबलावरची पट्टी उचलली आणि उगाच सरळ करून ठेवली.

आई रागावली नाही. रागावली असती तर सोपं गेलं असतं.

"कापड कमी पडलं की मी बगलेत जोड लावायचे," ती म्हणाली. "गिऱ्हाइकाला दाखवताना नेमका तिथेच हात ठेवायचे. पुष्कळ जणींना कळायचं. बोलायचं कुणी नाही."

साहेबांनीच सांगितलं होतं, हे वाक्य डिझायनरच्या ओठांवर आलं होतं. पण सांगितलं त्याने असलं तरी खूण तिने काढली होती, आणि 'नसतं' हेही तिनेच म्हटलं होतं. तिने वाक्य गिळलं, स्क्रीन आईच्या बाजूला वळवली आणि खूण परत लावली.

कोऱ्या चौकोनात भराभर रेघा उमटल्या. प्रत्येक पायरीवर आकडा आला, मधून एक बाण वर निघाला. सातव्या पायरीवर एक तिरकी, मोडकी रेघ आली आणि पुढे सगळं संपलं.

"हे मध्येच का तुटलं?"

डिझायनरने समजावून सांगितलं. घर साधारण छातीच्या उंचीवर आडवं कापलंय असं धरून नकाशा काढतात. त्याच्या वरच्या पायऱ्या या पानावर येत नाहीत, त्या वरच्या मजल्याच्या पानावर असतात. आईने ते पान मागितलं. तिथे जिना पुरा होता, आणि त्याच्या टोकाला तिची खोली.

आकड्यांवर तिचा विश्वास नसावा. तिने स्क्रीनला बोट न लावता एकेक रेघ मोजली. एकोणीस भरल्या. सध्याच्या घराला चार पायऱ्या आहेत, ती डिझायनरला सांगू लागली, आणि दुसरीवर मी जराशी बसते. शेजारणी समजतात, म्हातारी उन्हाला बसलीय. मग कागदावर तळमजल्याच्या मोठ्या खोलीवर बोट नेऊन तिने विचारलं, ही कुणाची?

मुलगा अर्धवट बोलला. धंद्याच्या कामाने माणसं घरी येणार, त्यांना बसवायला काहीतरी हवं, वर हवाही छान येते. हवेपाशी येऊन तो अडखळला. त्याची मान खाली गेली होती.

"ताईंना बोल लावू नकोस," तो म्हणाला. "पायऱ्या मीच पुसायला लावल्या."

आईने नुसतं "हं" केलं.

थोड्या वेळाने त्याने टेबलाकडे पाहतच डिझायनरला विचारलं, त्या दोन खोल्यांची अदलाबदल करता येईल का. डिझायनर लगेच कामाला लागली. आईची खाट वरून उचलून खाली आणली, कपाट आणलं, खुर्च्या वर नेल्या, दोन्ही खोल्यांची नावं बदलली. शिलाई मशीन सॉफ्टवेअरच्या यादीत नव्हतं. तिने खिडकीशी एक लहान टेबल ठेवलं आणि त्यावर नाव लिहिलं. एकही भिंत सरकवावी लागली नाही. सगळं मिळून चार मिनिटं लागली असतील.

आई स्क्रीनकडे बघत राहिली. मग तिने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं.

"एवढंच होतं?"