विलायती थेरं

अरविंदच्या हातातला चहाचा कप पडला. आठवड्यातला तिसरा. श्यामसुंदरने पेपर बाजूला ठेवला.

"आलं अंगात? नाच आता इथंच, काचांवर!"

"बाबा, मी नाही केलं. हात आपोआप उडाला."

"उडणारच. दिवसभर तेच करायचं म्हटल्यावर हात तुझं ऐकतील कशाला?"

आणि त्याने पोराच्या कानाखाली वाजवली. बारावीतल्या, खांद्याला लागलेल्या पोराच्या. त्या दिवसापासून बापलेकांचं बोलणं बंद झालं.

१९८६चा जानेवारी होता. वाशीतल्या प्रत्येक इमारतीच्या जिन्यात एक तरी पोरगा ब्रेक डान्स करत होता. कुणाच्या तरी दुबईच्या मामाने व्हिडिओ आणला होता. त्यात अमेरिकेतली पोरं रस्त्यावर पुठ्ठा टाकून गरगर फिरत, शॉक लागल्यासारखे हातपाय झटकत. ते बघून इथली पोरं खुळावली. अरविंद सगळ्यांत जास्त.

श्यामसुंदरने तळोज्याच्या कारखान्यात पाळ्या करून हा दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला होता, तो काही पोराने फरशीवर लोळावं म्हणून नव्हे. त्यामुळे अरविंदचं जे काही बिघडे, ते त्या विलायती थेरांच्या खात्यात जाई. मार्क घसरले, नाच. बोलता बोलता थांबून भिंतीकडे बघत बसला, नाच. एका सकाळी उठला तो जीभ चावलेली, तोही नाच.

"डॉक्टरांना दाखवू या का हो?" वैजयंती एकदा म्हणाली.

"डॉक्टर काय करणार? तो व्हिडिओ बंद करा, सुधारेल."

सव्वीस जानेवारीला सोसायटीत सत्यनारायण होता आणि संध्याकाळी पोरांचे कार्यक्रम. फळ्यावर आठवा नंबर होता: अरविंद, ब्रेक डान्स. श्यामसुंदरने त्या दिवशी मुद्दाम दुपारची पाळी मागून घेतली.

डबा देताना वैजयंतीला राहवलं नाही. "तुम्ही गावी जाखडीत नाचायचात, तेव्हा मामंजी काय ओवाळायचे तुम्हाला?"

"तो आपला नाच होता."

"त्याला हाच आपला वाटतो. तुम्ही एकदा बघावं म्हणून झुरतोय पोरगा. माझ्याकडे बघून नाचतो आणि विचारतो, बाबांना आवडेल का?"

श्यामसुंदर डबा घेऊन निघाला. पण कामात लक्ष लागेना. वैजयंतीचं काय चुकीचं होतं! जाखडीवरून वडिलांनी त्याला वेताने फोडला होता, आणि तेव्हाच त्याने ठरवलं होतं की आपल्या पोराला असं वागवायचं नाही. साडेपाचला साहेबांचे पाय धरायचेच बाकी ठेवून त्याने सुटी मिळवली.

सोसायटीच्या गेटात शिरला तेव्हा पटांगण माणसांनी भरलं होतं. टाळ्याशिट्ट्यांत दुसरं काही कानावर पडत नव्हतं.

अरविंद स्टेजवर उताणा होता. मान मागे ताणलेली, मुठी आवळलेल्या, टाचा फळ्यांवर थडथड आपटत होत्या. सगळं अंग एका लयीत उसळत होतं.

"काय करतो यार! एकदम ओरिजिनल!" पुढचा कुणीतरी ओरडला.

श्यामसुंदर बघतच राहिला. एवढी मेहनत घेतली होती पोराने, आणि आपण त्याला थोबाडीत मारली. त्याला स्वतःची लाज वाटली. डोळे भरून आले. डबा काखेत मारून त्याने सगळ्यांपेक्षा जोरात टाळ्या वाजवल्या.

"वा रे माझ्या वाघा!"

अरविंद एकदा ताठ झाला आणि निपचित पडला. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. श्यामसुंदर गर्दीतून वाट काढत स्टेजपाशी पोचला. तिथे शेजारचा नंदकुमार टेपरेकॉर्डरजवळ उभा होता.

"गाणं का बंद केलंस रे? वन्स मोअर! नाचू दे त्याला!"

नंदकुमारचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"काका," तो म्हणाला, "गाणं मी अजून लावलंच नाही."