सत्ताविसावं पान

“तुम्ही हिच्या लेकीचा जीव कपाटात कोंडून ठेवलाय.”

रक्तपेढीवाला पोलिस ठाण्याच्या दारातूनच बोलला. त्याच्या मागे बाळंतिणीची आई उभी होती. तिच्या दोन पायांत दोन वेगळ्या चपला होत्या.

इन्स्पेक्टरने मान वर केली. “जपून बोला.”

“काल त्या पक्षाच्या ऑफिसला सील लावताना तुम्ही निळं रजिस्टर उचलून आणलंत. ते हवंय.”

“ती बंदी घातलेल्या पक्षाच्या माणसांची यादी आहे. पुरावा आहे तो.”

“रक्तदात्यांची यादी आहे ती, साहेब. नावापुढे रक्तगट लिहिलाय.”

“त्यांचं रक्त जरा जास्तच उसळतं ना,” कोपऱ्यातला हवालदार म्हणाला. “म्हणून मोजून ठेवत असतील.”

सरकारने परवा बंदी घातली. हुकमात नऊ कारणं दिली होती, रजिस्टरचं नाव त्यात कुठेच नव्हतं. शहरात ओ निगेटिव्हची माणसं कुठे राहतात ते फक्त त्या रजिस्टरला ठाऊक. पेढीतून फोन जायचा, पक्षाच्या ऑफिसातला म्हातारा पान उघडायचा आणि अर्ध्या तासात माणूस हजर. पेढीने स्वतःची यादी कधी केलीच नाही. आयतं मिळत होतं, कोण हात दुखवून घेतो?

“पहाटे बाळंत झाली,” आई म्हणाली. “रक्त थांबतच नाही. माझं घ्या म्हटलं, तर माझं जुळत नाही म्हणे. पोटची पोर माझी, आणि रक्त जुळत नाही!”

“ओ निगेटिव्हच्या दोनच पिशव्या होत्या, त्या लावल्या,” रक्तपेढीवाला म्हणाला. “अजून दोन तरी लागतील. डॉक्टर म्हणाले, तासाभरात आणा.”

इन्स्पेक्टरने एकदा त्या चपलांकडे पाहिलं. उठून कपाट उघडलं आणि रजिस्टर टेबलावर आपटलं. “कुठलं पान?”

“सत्ताविसावं.”

“तुम्हाला कसं माहीत?”

रक्तपेढीवाला टेबलापाशी आला. “त्यावरचं सहावं नाव माझं आहे.”

हवालदार खुर्चीतून उठून दारापाशी जाऊन उभा राहिला.

“मग तुम्हीच द्या की रक्त,” इन्स्पेक्टर म्हणाला.

“गेल्याच महिन्यात दिलं. तीन महिने झाल्याशिवाय घेत नाहीत.”

“कोणाला दिलं?”

“ते आम्ही विचारत नाही, साहेब.”

इन्स्पेक्टरने पानावरचा पहिला नंबर लावला. “पोलिस ठाण्यातून बोलतोय...” फोन कट झाला. दुसरा बंद होता. तिसरा एका बाईने उचलला. “ते गावाला गेलेत,” ती म्हणाली, आणि तिच्यामागे कोणीतरी जोरात खोकलं.

इन्स्पेक्टरने चौथ्या नंबरावर बोट ठेवलं.

“तुम्ही बोलावल्यावर कोण येणार?” रक्तपेढीवाला म्हणाला. “आणा इकडे. माझा आवाज ओळखतात.”

त्याने फोन ओढून घेतला आणि चौथा नंबर लावला. पलीकडून लगेच आवाज आला, “हॅलो? कोण बोलतंय?”

रक्तपेढीवाल्याने फोनवर तळवा घट्ट दाबला.

“माझं काय करायचं ते करा, मी इथेच बसतो. पण हा माणूस मी ‘या’ म्हटलं की सायकल काढेल, त्याला खोटं सांगून बोलावणार नाही मी. रक्त दिल्यावर तो आपल्या घरी जाणार, की तुमच्या गाडीत?”

तळव्याखालून बारीक आवाज येत होता. हॅलो. हॅलो.

आई टेबलाला खेटून उभी राहिली. “सांगा की हो, साहेब. घरी की गाडीत?”