ड्रॅगनचा चेहरा

तीन पिढ्यांच्या लाडक्या परीकथेसाठी सून नवी चित्रं काढत होती. वाट चुकलेल्या राजकन्येला रागावणारा ड्रॅगन मात्र संपादकांनी दोनदा परत पाठवला. “राग दिसतो, माया दिसत नाही. आताही फसलं, तर पुस्तक दुसऱ्याकडे देईन,” ते म्हणाले. आरशासमोर वेडीवाकडी तोंडं करून ती थकली. तेवढ्यात सासूबाई कडाडल्या, “चित्रांनी पोट भरणार आहे का?” आणि पुन्हा गरम केलेलं जेवण तिच्यापुढे आदळलं. त्या चढलेल्या भुवया, काळजीनं भरलेले डोळे तिनं झरझर कागदावर उतरवले. संपादक फोनवर ओरडलेच, “हाच तो!” पण चित्र सासूबाईंच्या हातात पाहून सून ते काढून घ्यायला धावली. त्या खळखळून हसल्या. “अहो, इकडे या! सुनेनं तुम्हाला हुबेहूब काढलंय!” सासऱ्यांनी चित्राकडे पाहिलं, मग बायकोकडे, आणि निमूट मान डोलावली. “हो की, मीच आहे.”